पडदा जोडलेला होता, ड्रायव्हर म्हणत होता जोडलेला नाही: वाचनालयातल्या एका मॉनिटरचं प्रकरण

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं सार्वजनिक वाचनालय. देवघेवीच्या टेबलावर एक संगणक, त्यावर लिनक्स मिंट आणि पुस्तकांच्या नोंदींसाठी कोहा. या संगणकाला दोन मॉनिटर लावायचे होते. एक ग्रंथपालांसमोर, दुसरा पलीकडच्या अभ्यासिकेत भिंतीवर. नवी आलेली पुस्तकं, स्पर्धा परीक्षांच्या जाहिराती, अर्जांच्या शेवटच्या तारखा अभ्यासाला बसलेल्या मुलांना उठून न येता दिसाव्यात, हा हेतू. मॉनिटर देणगीतून आला, केबल टाकून झाली, आणि भिंतीवर ‘नो सिग्नल’ एवढंच दिसत राहिलं.

संगणक एका कार्यालयातून निघालेला. चौथ्या पिढीचा इंटेल प्रोसेसर, म्हणजे हॅसवेल, आणि त्याच्यातच असलेलं एचडी ४६०० ग्राफिक्स. मागे मॉनिटर जोडायला एक व्हीजीए आणि दोन डिस्प्लेपोर्ट. ग्रंथपालांचा मॉनिटर व्हीजीएवर. भिंतीवरच्या मॉनिटरला एचडीएमआय, म्हणून डिस्प्लेपोर्टला छोटा कन्व्हर्टर लावून पुढे दहा मीटरची एचडीएमआय केबल, आढ्याच्या कडेनं पाइपमधून फिरवलेली.

मी पोचलो तेव्हा निदान आधीच झालेलं होतं. ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या, "सर, हीच वायर आमच्या मुलाच्या लॅपटॉपला लावली की लगेच चित्र येतं. म्हणजे वायर चांगली आहे. लिनक्सचा ड्रायव्हरच कच्चा असणार. कंपनीचा ड्रायव्हर टाकता येईल का?"

मॅडमनी केलेली चाचणी योग्य होती आणि पुढे ती उपयोगीही पडली. पण इंटेलच्या या ग्राफिक्ससाठी लिनक्सवर वेगळा बंदिस्त ड्रायव्हर (ग्राफिक्स चालवणारा प्रोग्राम) नाहीच. कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, आय९१५ हाच त्याचा ड्रायव्हर, आणि तो मुख्यतः इंटेलचेच अभियंते लिहितात. तेव्हा ड्रायव्हर बदलायचा विषय नव्हता. हा ड्रायव्हर काय म्हणतोय, ते ऐकायचं होतं.

आधी समोरचा पडदा बघितला

हरवलेल्या मॉनिटरकडे बघण्याआधी दिसणाऱ्या मॉनिटरकडे बघावं, असं मला वाटतं. ग्रंथपालांसमोरचा मॉनिटर १९२० बाय १०८० चा होता, पण त्यावर चित्र येत होतं १०२४ बाय ७६८ चं. अक्षरं आडवी ताणलेली, कडा धूसर. सगळ्यांना त्याची सवय झाली होती, त्यामुळे तक्रारीत हे कुणी सांगितलंच नव्हतं. माझ्या दृष्टीनं तो सर्वांत मोठा पुरावा होता. ज्या ड्रायव्हरला भिंतीवरचा पडदा दिसत नाही, त्याला समोरचाही नीट दिसत नव्हता.

कर्नल सुरू होताना त्याला कोणत्या सूचना दिल्या होत्या ते प्रॉक फोल्डरातल्या सीएमडीलाइन या फाइलमध्ये वाचता येतं. तिथे शेवटी ‘नोमोडसेट’ हा शब्द होता.

या एका शब्दानं पुष्कळ काही बंद होतं. पडद्याचं रेझोल्यूशन ठरवणं, पोर्ट तपासणं, दुसरा मॉनिटर ओळखणं ही कामं २००९ पासून, म्हणजे कर्नल २.६.२९ मध्ये इंटेलच्या ड्रायव्हरपासून सुरुवात होऊन, कर्नल स्वतः करतो. त्याला कर्नल मोड सेटिंग म्हणतात. नोमोडसेट लिहिलं की आय९१५ हे काम हातात घेतच नाही. मग संगणक सुरू होताना बायोसनं, म्हणजे मदरबोर्डवरच्या प्रोग्रामनं, जे चित्र उभं केलेलं असतं, त्यावरच सगळा डेस्कटॉप चालतो. एकच चित्र, एकच मापाचं. सिस फोल्डरातल्या क्लास, त्यातल्या डीआरएम (कर्नलचा ग्राफिक्स विभाग) या जागी एरवी प्रत्येक पोर्टच्या नावाचं फोल्डर असतं. इथे व्हीजीए, एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट यांपैकी एकही नाव नव्हतं. ज्या यंत्रणेला पोर्ट आहेत हेच माहीत नाही, तिला ‘मॉनिटर शोध’ हे बटण कितीही दाबून सांगितलं तरी काय सापडणार?

हा शब्द आला कुठून, तेही कळलं. लिनक्स बसवणाऱ्यानं पेनड्राइव्हवरून सुरू करताना ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ निवडला होता. उबंटूत त्यालाच ‘सेफ ग्राफिक्स’ म्हणतात. बसवताना पडदा काळा पडत असेल तर तो उपाय बरोबर आहे, पण बसवून झाल्यावर तो शब्द ग्रबच्या, म्हणजे कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या, सेटिंगमध्ये राहून गेला. ईटीसी फोल्डरातल्या डिफॉल्टमधली ग्रब ही फाइल उघडून तो काढला, अपडेट-ग्रब चालवलं, संगणक पुन्हा सुरू केला. समोरच्या मॉनिटरवर अक्षरं एकदम रेखीव झाली. मॅडमच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मलाही बरं वाटलं, पण भिंतीवर अजून ‘नो सिग्नल’च होतं.

दोन खाचा, चार नावं

आता डीआरएम फोल्डरात पाच नावं आली: व्हीजीए-१, डीपी-१, डीपी-२, एचडीएमआय-ए-१, एचडीएमआय-ए-२. मागे डिस्प्लेपोर्टच्या खाचा दोनच, आणि एचडीएमआयची तर एकही नाही. पुष्कळ लोक इथे गोंधळतात आणि चुकीच्या नावावर तासन्‌तास प्रयोग करत बसतात.

कारण साधं आहे. या संगणकांवरचे डिस्प्लेपोर्ट दुहेरी असतात. साधा कन्व्हर्टर लावला की तो १३ नंबरच्या पिनवरून कळवतो की पुढे एचडीएमआय आहे, आणि मग त्याच खाचेतून एचडीएमआयचा संकेत बाहेर पडतो. म्हणून ड्रायव्हर प्रत्येक खाचेची दोन नावं ठेवतो. आपल्या कन्व्हर्टरवाल्या खाचेचं नाव होतं एचडीएमआय-ए-२. कन्व्हर्टरला छोटी केबल आणि दुसरा एक मॉनिटर लावून कुठल्या नावासमोर ‘कनेक्टेड’ येतं ते बघितलं, की हे पक्कं होतं.

आणखी एक खाचखळगा इथेच सांगतो. एक्सरँडर ही पडद्यांची मांडणी दाखवणारी आज्ञा याच पोर्टला एचडीएमआय-२ म्हणते, मधला ‘ए’ गाळून. एक्स या खिडक्या दाखवणाऱ्या यंत्रणेसाठीचा इंटेलचा जुना ड्रायव्हर असेल तर मधली रेघही गळते. कर्नलला सूचना देताना मात्र कर्नलचंच नाव लागतं, ‘ए’ सकट आणि रोमन अक्षरांत. एक्सरँडरमधलं नाव उचलून ग्रबमध्ये लिहिलं तर कर्नल ते निमूट दुर्लक्षित करतो, आणि आपण समजतो की उपायच चालत नाही.

प्रत्येक नावाच्या फोल्डरात ‘स्टेटस’ आणि ‘एडिड’ (मॉनिटरचा ओळखतक्ता, पुढे सांगतो) अशा दोन फाइली असतात. डेस्कटॉप कोणताही असो, एक्स असो की त्याच्या जागी आलेली वेलँड, कर्नलचं मत या दोन फाइलींत मिळतं. व्हीजीए-१ : कनेक्टेड. एचडीएमआय-ए-२ : डिस्कनेक्टेड, आणि एडिडची फाइल रिकामी.

ओळख पटते ती दोन तारांवरून

एचडीएमआय मॉनिटर जोडला की काय घडतं, ते इथे सांगावं लागेल. संगणक १८ नंबरच्या पिनवर ५ व्होल्ट देतो. मॉनिटर १९ नंबरच्या पिनवर उलट कळवतो की मी इथे आहे. हा हॉट प्लग संकेत. मग संगणक १५ आणि १६ नंबरच्या पिनांवरून मॉनिटरमधली एक छोटी स्मृती वाचतो. तिथे १२८ बाइटचा तक्ता असतो: बनवणाऱ्याची खूण, मॉडेल, कोणती रेझोल्यूशन चालतात. एचडीएमआय मॉनिटरला बहुधा आणखी १२८ बाइटची पुरवणी असते. हा तक्ता म्हणजे एडिड, आणि तो वाचायची वाट म्हणजे डीडीसी. १९९४ मध्ये व्हेसा या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं ठरवलेली ही पद्धत आजही तशीच चालू आहे. तक्त्याच्या १२८ बाइटांची बेरीज २५६ नं निःशेष भागली गेली पाहिजे, नाहीतर कर्नल तो फाटका समजतो.

चित्र वाहून नेणाऱ्या तारा या सगळ्यापासून वेगळ्या आहेत. प्रकरण उलगडलं ते या वेगळेपणामुळेच.

कर्नलला डीआरएमच्या तपशीलवार नोंदी करायला सांगितल्या आणि केबल काढून पुन्हा लावली. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, लगेच ओळ उमटली: हॉटप्लग इव्हेंट रिसीव्हड. म्हणजे १९ नंबरची पिन जिवंत होती. केबल जोडल्याचं ड्रायव्हरला कळत होतं. त्याच्याच पुढे दुसरी ओळ: एचडीएमआयचं एडिड जीएमबस या नेहमीच्या वाटेनं वाचता आलं नाही, जीपीआयओच्या पर्यायी वाटेनं पुन्हा प्रयत्न करतो. आणि त्यानंतर निकाल, डिस्कनेक्टेड. पुन्हा केबल काढघाल केली तर एखाद्या वेळी तिसरीच ओळ येई: एडिडची बेरीज चुकली. म्हणजे तक्ता येत होता, पण वाटेत विस्कटून.

डीडीसीच्या तारांवर कोण उत्तर देतं ते दाखवणाऱ्या आयटूसीडिटेक्ट या आज्ञेनंही हेच दाखवलं. मॉनिटरची स्मृती ५० या षोडशमान पत्त्यावर असते. लांब केबल लावल्यावर तो पत्ता कधी दिसे, कधी नाही. "परवा सकाळी एकदा आलं होतं बरं का चित्र," असं शिपाई मामा सांगत होते आणि कुणी त्यांच्यावर विश्वास ठेवत नव्हतं. मामांचं खरं होतं. नोमोडसेट असतानाही बायोस स्वतःहून दोन्ही पडद्यांवर तेच चित्र टाकू शकतो, आणि एखाद्या सकाळी त्याला तक्ता धड वाचता आला असेल, तर एवढं पुरेसं आहे.

ड्रायव्हरनं ‘नाही’ का म्हटलं

मुक्त स्रोत ड्रायव्हरचं मोल मला अशा वेळी सर्वांत जास्त वाटतं. हॉट प्लग आला, तरी निकाल ‘जोडलेला नाही’, हे अजब वाटतं. पण आय९१५ मधली एचडीएमआयची फाइल कुणालाही उघडून वाचता येते. मॉनिटर आहे की नाही हे ठरवणारं फंक्शन तिथे आहे आणि ते लांबलचक नाही. ते एडिड वाचायला जातं. डिजिटल मॉनिटरचं धड एडिड मिळालं तर कनेक्टेड, नाहीतर डिस्कनेक्टेड. हॉट प्लगची तार फक्त ‘जाऊन बघ’ एवढंच सांगते, निकाल एडिडवर लागतो.

म्हणजे ‘मॉनिटर सापडत नाही’ या वाक्याचा या यंत्रावरचा नेमका अर्थ होता ‘तक्ता वाचता येत नाही’. तक्रार एवढी बारीक करता आली की अर्धं काम झालं, असं मी मानतो. बंदिस्त ड्रायव्हर असता तर मला नुसता तर्कच करत बसावं लागलं असतं. इथे तर्क करावा लागला नाही.

दुसऱ्या कार्डांवर गोष्ट थोडी वेगळी असते. एनव्हीडियाच्या कार्डांसाठीचा नूव्हो ड्रायव्हर अशाच स्थितीत नोंद करतो की डीडीसीनं उत्तर दिलं, पण एडिड नाही. पोर्ट जोडलेला मानला गेला पण एडिड मिळालं नाही, तर कर्नल १०२४ बाय ७६८ पर्यंतची ठरावीक रेझोल्यूशनं देऊन वेळ भागवतो. तेव्हा नवा मॉनिटर अचानक जुन्या मापात दिसू लागला तर तीही याच आजाराची खूण समजावी. आणि दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपवर आधी डीआरएम फोल्डरात कार्ड किती आहेत ते बघावं. पुष्कळ लॅपटॉपांत एचडीएमआयची खाच थेट एनव्हीडियाच्या चिपला जोडलेली असते. नूव्हो बंद करून ठेवला असेल तर ती खाच कर्नलच्या दृष्टीनं अस्तित्वातच नसते, आणि इंटेलच्या बाजूनं कितीही शोधलं तरी मॉनिटर सापडत नाही.

वायर चांगली, कन्व्हर्टर चांगला, दोघं मिळून नाही

आता मॅडमच्या चाचणीकडे परत जाऊ. लांब केबल थेट लॅपटॉपला लावली की चालत होती. कन्व्हर्टरला छोटी केबल लावली तर तोही चालत होता, २५६ बाइटचं एडिड पूर्ण वाचलं जात होतं. दोन्ही एकत्र आले की नाही.

डीडीसी म्हणजे आयटूसी, १०० किलोहर्ट्झच्या आसपास चालणाऱ्या दोन साध्या तारा. संकेत खाली ओढायला चिप असते, वर जायला मात्र फक्त एका रोधाचा आधार. तार लांब झाली की तिची धारकता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) वाढते, संकेत वर चढायला वेळ लागतो, आणि एका मर्यादेपलीकडे शून्य आणि एक यांतला फरकच पुसट होतो. म्हणून एचडीएमआयच्या नियमात केबलला ७०० पिकोफॅराड आणि दोन्ही टोकांच्या उपकरणांना प्रत्येकी ५० अशी वाटणी आहे. मधे कन्व्हर्टर आला की त्याचा भार वेगळा. शिवाय डिस्प्लेपोर्ट ३.३ व्होल्ट देतो आणि एचडीएमआयला ५ लागतात, ते या चिमुकल्या कन्व्हर्टरनंच तयार करायचे. लांब केबलनं मर्यादा जवळजवळ संपवली होती, कन्व्हर्टरनं ती ओलांडली. वायर चांगली असण्याबद्दल मॅडम चुकल्या नव्हत्या. दोष दोघांच्या बेरजेत होता.

मग चित्राच्या तारांचं काय? ते तपासायला सक्तीचा मार्ग वापरला. छोट्या केबलनं मॉनिटर जोडलेला असतानाच डीआरएम फोल्डरातल्या एडिड फाइलची प्रत काढून ठेवली होती. एडिड-डीकोडनं ती तपासली: बेरीज बरोबर, १९२० बाय १०८० ची नोंद बरोबर. ती लिब, फर्मवेअर, एडिड या फोल्डरात ठेवली. ग्रबमध्ये दोन सूचना घातल्या. एक, डीआरएमच्या एडिड-फर्मवेअर या पॅरामीटरमधून, की एचडीएमआय-ए-२ साठी ही फाइल वापर. दुसरी, व्हिडिओ या पॅरामीटरमधून, पोर्टचं नाव आणि शेवटी ‘ई’ लावून, की हा पोर्ट जोडलेलाच समज. बऱ्याच कर्नलवर दोन्ही लागतात. डीडीसीनं उत्तरच दिलं नाही तर दुसऱ्या सूचनेशिवाय पहिलीपर्यंत गाडी पोचत नाही.

संगणक सुरू केला तरी भिंत काळीच. डीमेसेजमध्ये होतं: रिक्वेस्टिंग एडिड फर्मवेअर, फेल्ड, उणे २. उणे २ म्हणजे फाइल सापडली नाही. फाइल जागेवर होती, पण आय९१५ त्याआधीच, इनिटरॅमएफएसमधून (डिस्क उघडण्याआधी कर्नल वापरतो त्या छोट्या फाइलसंचातून) सुरू होत होता, आणि तिथे ती नव्हती. इनिटरॅमएफएस बनवताना ही फाइल उचलायची सोय एका छोट्या स्क्रिप्टनं केली, तो नव्यानं बनवला. भिंतीवर चित्र आलं. १९२० बाय १०८०, स्वच्छ, एकही ठिपका न लुकलुकता. चित्राचे जोड्यांनी जाणारे, आवरण असलेले तारांचे संच दहा मीटरही व्यवस्थित पार करत होते. बिघाड डीडीसीतच, हे इथे सिद्ध झालं.

तरी ही कुबडी ठेवायची नव्हती

पुष्कळ ठिकाणी प्रकरण इथेच मिटवतात. माझ्या मते मिटवू नये. सक्ती केली की कर्नल बघायचंच सोडून देतो. अभ्यासिकेचा पडदा रात्री बंद केला, काढून दुरुस्तीला नेला, तरी संगणकाला तो आहेच असं वाटतं. पहिल्याच दिवशी त्याचा त्रास झाला. भिंतीवरचा पडदा बंद होता, कोहाची खिडकी तिकडे उघडली, माउसही तिकडे गेला, आणि मॅडमसमोर रिकामा डेस्कटॉप. उद्या दुसऱ्या मापाचा मॉनिटर आला तर त्याच्यावर जुन्याच तक्त्यानुसार चित्र जाईल. ज्या गावात तंत्रज्ञ बोलावल्यावर उगवेपर्यंत आठवडा जातो, तिथे असली गाठ मारून निघून जाणं मला योग्य वाटत नाही.

म्हणून पाइपच्या वाटेकडे बघितलं. केबल टेबलापासून वर आढ्याला, तिथून अर्ध्या दालनाला वळसा घालून पुन्हा खाली येत होती. प्रत्यक्षात मॉनिटर होता टेबलामागच्या भिंतीच्या पलीकडच्या बाजूला. वाचनालयाच्या कार्यकारिणीला हे समजावलं. भिंतीत एक भोक पाडायचं, एवढंच. इलेक्ट्रिशियननं ते पाडलं, आत पाइपचा तुकडा बसवला, आणि तीन मीटरची केबल सरळ पलीकडे गेली. भोक पाडणं शक्य नसतं तर अंगात विद्युतमंडल असलेली लांब केबल किंवा नेटवर्क केबलवरून एचडीएमआय नेणारी जोडी सुचवली असती. त्यात डीडीसीची वेगळी काळजी घेतलेली असते, पण पैसे जास्त आणि बिघडायला एक वस्तू जास्त.

ग्रबमधल्या दोन्ही सूचना काढल्या, इनिटरॅमएफएस पुन्हा बनवला. आता स्टेटसमध्ये कनेक्टेड, एडिड २५६ बाइट, डीमेसेजमध्ये बेरजेची तक्रार नाही. पडद्याची केबल काढली की एका क्षणात डिस्कनेक्टेड होतं आणि खिडक्या मॅडमच्या पडद्यावर परत येतात. लावली की डेस्कटॉप आपोआप पसरतो.

वाचनालयाच्या दुरुस्ती रजिस्टरमध्ये एक पान लिहून ठेवलं आहे: भिंतीवरच्या पडद्याचं कर्नलमधलं नाव एचडीएमआय-ए-२, स्टेटस आणि एडिड या फाइली कुठे आहेत, एडिडची प्रत कुठल्या फोल्डरात आहे, आणि ग्रबच्या ओळीत आज काय लिहिलेलं आहे. लिनक्स पुन्हा बसवायची वेळ आली तर नोमोडसेट राहिला आहे का ते आधी बघावं, हे लाल शाईत. मॅडमनी त्याखाली स्वतःहून एक ओळ घातली, की तीन मीटरपेक्षा लांब केबल या कन्व्हर्टरला लावू नये.